मोकळी टोके आणि बांधलेली साखळी



वाळू आगीत जळत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु वाळूतील मूलद्रव्यापासून रबरासारखा लवचीक आणि नेहमीच्या रबरापेक्षा कितीतरी अधिक उष्णता सोसणारा पदार्थ घडविता येईल, ही कल्पना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणालाही पटली नसती. आज तो पदार्थ केक भाजण्याच्या साच्यापासून अग्निरोधक विद्युत्‌तारेपर्यंत सर्वत्र आढळतो. त्याचे नाव सिलिकोन. सिलिकॉन हे मूलद्रव्य. सिलिकोन हे त्यापासून बनणारे बहुवारिक, म्हणजे लहान रेणू जोडून झालेली लांब साखळी. हा भेद ध्यानी ठेवलेला बरा.

या साखळीचा पहिला दीर्घ अभ्यास इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग यांनी केला. १८९९ पासून सुमारे चार दशके ते सिलिकॉनच्या संयुगांवर काम करीत होते. प्रयोगांत वारंवार हाती येणारा चिकट राळेसारखा अवशेष त्यांना उपद्रवच वाटे. या क्षेत्रात नजीकच्या काळात मोठी प्रगती होईल अशी आशा त्यांना १९३७ सालीही वाटत नव्हती. पण त्याच दशकात अमेरिकेत काचतंतूंच्या विद्युत्‌रोधनासाठी उष्णता सोसणारी राळ हवी होती. फ्रँकलिन हाईड यांनी त्या उपेक्षित अवशेषाकडे नव्या दृष्टीने पाहिले. १९४० मध्ये यूजीन रोकाव यांनी तांब्याच्या सान्निध्यात सिलिकॉनवरून मिथिल क्लोराईडची वाफ नेऊन क्लोरोसिलेन थेट मिळविण्याची रीत शोधली. जर्मनीत रिचर्ड म्युलर हेही स्वतंत्रपणे तेथेच पोहोचले. आजचा सिलिकोन उद्योग या रीतीवरच उभा आहे.

पुढची कृती अशी. क्लोरोसिलेनवर पाण्याची क्रिया झाली की क्लोरीन निघून जातो आणि सिलिकॉन व ऑक्सिजन एकाआड एक जोडले जाऊन लहान कडी व आखूड साखळ्या तयार होतात. चार घटकांचे कडे वेगळे करून त्यात किंचित अल्कली घालून तापविले, की कडी उघडतात व एकमेकांना जोडली जाऊन लांब साखळी बनते. येथे अल्कली हा उत्प्रेरक असतो.

सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडण्यास मोलमागे सुमारे ४५० किलोज्यूल ऊर्जा लागते. नेहमीच्या प्लॅस्टिकमधील कार्बन-कार्बन बंधास सुमारे ३५०. एवढा बलवान कणा असूनही सिलिकोन साडेतीनशे-चारशे अंश सेल्सिअसच्या आसपास विस्कटू लागते. असे का व्हावे?

कारण कणा मधोमध तुटत नाही. साखळीचे मोकळे टोक मागे वळते, स्वतःच्याच कण्याला भिडते आणि तीन-चार घटकांचे एक कडे सुटून वाफ होऊन उडून जाते. टोक पुन्हा मोकळेच राहते आणि तीच क्रिया चालू राहते. ज्या अल्कलीने साखळी जोडली, तिचा अंश मागे राहिला तर तीच ती उलगडते, आणि तेही पुष्कळ कमी तापमानाला. हवेत आणखी एक शत्रू असतो. सुमारे अडीचशे अंशांच्या पुढे ऑक्सिजन कण्याला जोडलेल्या मिथिल गटांवर हल्ला करतो; साखळ्या एकमेकींत गुंततात आणि रबर कडक, ठिसूळ होते.

उपाय यातूनच निघाले. टोकांना निष्क्रिय गट जोडून ती बांधून टाकावीत. उत्प्रेरक पूर्णपणे निष्प्रभ करावा. काही मिथिल गटांच्या जागी अधिक टिकाऊ फेनिल गट बसवावेत. लोह किंवा सेरियम यांच्या ऑक्साईडची पूड मिसळून हवेचा हल्ला लांबवावा.

हा सारा खटाटोप ग्राहकाच्या डोळ्यांना दिसत नाही. टोके बांधलेला व न बांधलेला, अल्कली काढलेला व राहिलेला, असे नमुने शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. नमुना तापवीत त्याचे वजन मोजत गेले, की फरक उघड होतो. किंवा मग आग लागते तेव्हा. योग्य रीतीने घडविलेले सिलिकोनचे आवरण जळाले तरी मागे सिलिकाची राख उरते. ही राख वीज वाहू देत नाही, म्हणून धुराने भरलेल्या जिन्यातील दिवा काही काळ तेवत राहू शकतो. त्या काळात माणसे बाहेर पडतात. कारखान्यातील एक काटकसर किंवा एक दक्षता कोणाच्या प्राणांशी जोडलेली असते, ती अशी.

किपिंग १९४९ साली निवर्तले. त्यांना उपद्रव वाटलेला पदार्थ तोवर उद्योग झाला होता. त्यांनी घातलेला पाया वाया गेला नाही, हे खरे. पण त्या पायावर इमारत उभी राहिली ती सूक्ष्म दोष शोधून दूर करणाऱ्यांच्या हातून. बंध कितीही बलवान असले, तरी टोक मोकळे राहिले की साखळी आतूनच उलगडते. रसायनशास्त्राने दिलेला हा धडा प्रयोगशाळेच्या बाहेरही स्मरणात ठेवण्याजोगा आहे.