शाळेचाही आपत्कालीन आराखडा हवा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पाऊस लांबला तर काय करायचे, हे तुम्हाला शिकवायला मी आलेलो नाही. मूग-उडदाची वेळ टळली की आपण हट्ट धरत नाही; बाजरी, सूर्यफूल, तुरीकडे वळतो. रान पडीक ठेवत नाही. कृषी खात्याच्या भाषेत हा आपत्कालीन पीक आराखडा. माझा प्रश्न एवढाच, की गावच्या शाळेसाठी असा आराखडा कोणाकडे आहे?

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलूप लागले. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले पोर वर्गात बसले ते दुसरीत. मधल्या काळात शाळा मोबाईलवर आली. पण घरात मोबाईल एक, तोही बापाच्या खिशात, आणि पोरे तीन! कुठे मुलगा औतामागे गेला, कुठे मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. बुडालेले पीक पुढच्या हंगामात भरून काढता येते. पोरांची वर्षे कशी भरून काढणार?

तरीही काही ठिकाणी रान पडीक राहिले नाही. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर लाऊडस्पीकरवरून शिकवले गेले. आणि जुलै २०२१ मध्ये सरकारलाही गावाकडेच यावे लागले. महिनाभर रुग्ण नसलेल्या गावात आठवी ते बारावीचे वर्ग उघडायचे का, हे सरपंचाच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ठरवायचे होते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या. शाळेचा विकास आराखडा करण्याचे कामही या समितीचेच. ही समिती किती गावांत खरोखर बसते, आणि किती गावांत रजिस्टरच सह्यांसाठी घरोघर फिरते, ते तुम्हीच सांगा.

पूर येईल, दुष्काळ येईल, ऊसतोड तर दरवर्षी आहे. तेव्हा आजच लिहून ठेवा: कोणत्या घरात फोन नाही? शिकवू शकतील अशी गावातली शिकलेली मुले-मुली कोण? वर्ग देवळाच्या ओसरीत भरेल की समाजमंदिरात? पोषण आहाराचे धान्य घरोघर कोण पोचवेल? तोडीला जाणाऱ्यांची पोरे मागे कोणाजवळ राहतील?

बियाण्याची उगवण आपण पेरणीआधी तपासतो. गावी गेल्यावर मुख्याध्यापकांकडे समितीची बैठक मागा, आणि मायबहिणींनो, त्या बैठकीत पुढच्या रांगेत तुम्ही बसा.