पिंजऱ्याबाहेरचे चित्रबलाक



पक्षिनिरीक्षणासाठी दूर अरण्यात जावे लागते, ही समजूत दिल्लीपुरती तरी खरी नव्हे. जुन्या किल्ल्यालगतच्या प्राणिसंग्रहालयातील तळ्यांवर १९६० पासून रानातले चित्रबलाक वीण करीत आले आहेत. त्यांना कोणी आणले नाही, कोणी कोंडले नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ते आपण होऊन येतात, बेटांवरच्या वेड्या बाभळींवर काटक्यांची घरटी रचतात आणि पिले मोठी झाली की निघून जातात. यांत आपल्या परप्रांतवासाची उपमा शोधण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि पक्षी पाहावा.

प्रथम चोच न्याहाळावी. ती लांब, पिवळी, टोकाशी किंचित खाली वळलेली असते. चेहरा नारिंगी, छातीवर काळा पट्टा, शेपटीलगतच्या पिसांवर गुलाबी छटा. पिलांत यातले काहीच नसते. ती मळकट तपकिरी दिसतात आणि नवख्याला दुसराच पक्षी वाटतात. मिटलेल्या चोचीत फट दिसली, तर मात्र तो मुग्धबलाक. गोगलगायी खाणारा म्हणून हिंदीत त्याला घोंघिल म्हणतात, चित्रबलाकाला जांघिल.

आमच्या दिल्लीकर मुलांच्या मराठीत लांब पायांचा प्रत्येक पक्षी बगळाच असतो. सोलापूरला जन्मलेले, वनखात्यात हयात घालविलेले मारुती चितमपल्ली २०२५ साली निवर्तले. त्यांचा 'पक्षिकोश' आमच्या घरोघरी असावा, असे आम्हांस आग्रहाने वाटते. उजनी जलाशयाजवळ भादलवाडीच्या तळ्यावर हेच चित्रबलाक घरटी करतात. तेव्हा एका नावाने दोन्ही ठिकाणे मुलांच्या मनात जोडली जातील.

प्राणिसंग्रहालयात घरट्याला संरक्षण आहे, पिलांच्या अन्नाची हमी मात्र तेथे नाही. पिले माशांवर वाढतात आणि ते मासे आईबापांना यमुनेतून व भोवतालच्या पाणथळींतून टिपून आणावे लागतात. ओखल्याचे पक्षी अभयारण्य १९९० साली घोषित झाले. पण त्याच्या सीमेबाहेरची डबकी, खाचरे बुजत गेली, तर बेटावरच्या बाभळी शाबूत राहूनही पिले उपाशी राहतील. म्हणून दुर्बिणीने घरटे पाहून झाल्यावर, मासा घेऊन येणारा पक्षी कोणत्या दिशेने आला, तेही वहीत टिपावे.

ऑक्टोबरातील सकाळ यासाठी उत्तम. शुक्रवारी मात्र दार बंद असते.