घरच्या नळाला धार बारीक का येते?



आज शेतातल्या पाण्याविषयी नव्हे, तर घरातल्या पाण्याविषयी बोलायचं आहे. विटा आणि खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावांना पाण्याचं मोल नव्यानं सांगायला नको. नळ घरात आला, पण धार करंगळीएवढी, ही तक्रार मात्र बऱ्याच घरांत ऐकू येते.

जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालं. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात मिळावं, असं त्यात ठरलं. पाच माणसांच्या घराला हे पाणी होतं २७५ लिटर. नळातून मिनिटाला १० लिटर पाणी पडत असेल, तर ते अर्ध्या तासाच्या आत भरून होतं. ५ लिटर पडत असेल, तर ५५ मिनिटं लागतात. आणि अडीच लिटरच पडत असेल, तर तासाभरात जेमतेम १५० लिटर हाती येतं. गावात पाणी तासभरच सोडत असतील, तर बाकीचं पाणी घरातल्या बाईला डोक्यावरून आणावं लागतं. म्हणून धार बारीक होणं ही किरकोळ गोष्ट नाही.

धार कमी झाली की पुष्कळ जण लगेच मोटर आणतात. तसं करू नये. दाब कुठं अडतो ते आधी शोधावं. त्याला लागतं काय? एक बादली आणि एक घड्याळ. १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरली, तर मिनिटाला १० लिटर पाणी येतं. तीन मिनिटं लागली, तर ५ लिटर. पाणी आलं की ही परीक्षा आधी अंगणातल्या पहिल्या तोटीवर करा, बाकीच्या तोट्या बंद ठेवून. मग आतल्या एकेका तोटीवर करा. आकडे भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

एकाच तोटीला धार कमी असेल तर

दोष त्या तोटीतच आहे. तोंडाशी जाळी असेल तर ती काढून पाहा. बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार जाळीत आणि तोटीत पांढरे बसतात. ठिबकच्या तोट्या अशाच चोंदतात, हे द्राक्षबागवाल्यांना ठाऊक आहे. जाळी लिंबाच्या रसात रात्रभर भिजत घाला आणि जुन्या ब्रशनं घासा. ठिबकसाठी आणलेलं ॲसिड मात्र घरच्या पाइपात कधीही ओतू नका. ते पिण्याच्या पाण्यात उतरतं आणि लोखंडी पाइपाचं जस्तही खातं. जाळी साफ असेल, तर तोटीतला वायसर फुगला आहे का आणि मागचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का, ते पाहा.

छतावरच्या टाकीवरच्या सगळ्याच तोट्या मंद असतील तर

पहिली गोष्ट उंचीची. टाकी मोठी घेतली म्हणजे दाब वाढतो, हा गैरसमज आहे. दाब येतो तो उंचीतून. ठिबकच्या घड्याळावर आपण 'एक किलो प्रेशर' म्हणतो, तेवढ्या दाबाला पाणी १० मीटर उंच असावं लागतं. टाकीतल्या पाण्याची पातळी तोटीपेक्षा दोनच मीटर वर असेल, तर दाब मिळतो किलोचा पाचवा हिस्सा. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून ते टप्प्याटप्प्यानं आपल्या माळावर चढवावं लागतं, ते याच नियमामुळं. उंची फुकट मिळत नाही. म्हणून टाकी छतावर नुसती टेकवू नका. पक्का कट्टा बांधून शक्य तेवढी वर घ्या. भरलेल्या १००० लिटरच्या टाकीत नुसत्या पाण्याचं वजन एक टन होतं, म्हणून कट्टा भिंतीवर किंवा तुळईवर येईल असा गवंड्याला विचारून बांधावा.

दुसरी गोष्ट पाइपाची. अर्धा इंची पाइपाचं तोंड एक इंचीच्या चौथाईच असतं. टाकीतून उतरणारा पाइप एक इंची घ्यावा, पुढं पाऊण इंची, आणि तोटीजवळच अर्धा इंची. जुना लोखंडी पाइप आतून गंजानं भरतो. बाहेरून धड दिसतो, आत पेन्सिल जाईल एवढीच वाट उरते. असा पाइप बदलण्यावाचून इलाज नाही.

तिसरी गोष्ट हवेची. टाकी रिकामी झाली आणि पुन्हा भरली की पाइपात हवा अडकते. तोटी फुसफुसते, पाणी तुटक येतं. सर्वांत खालची तोटी पूर्ण सोडा, हवा निघून जाईल. हे वारंवार होत असेल, तर टाकीच्या निघत्या पाइपावर उभी नळी बसवून तिचं तोंड टाकीच्या वर मोकळं ठेवा. शेतातल्या पाइपलाइनला आपण एअर व्हॉल्व्ह लावतो, तेच काम ही नळी करते.

चौथी गोष्ट गळतीची. रात्री सगळ्या तोट्या आणि टाकीत येणारं पाणी बंद करा, टाकीतल्या पातळीवर खूण करा. सकाळी पातळी उतरली असेल, तर पाणी कुठंतरी जिरतं आहे.

पहिल्याच तोटीला धार कमी असेल तर

घरात दोष नाही, पाणी बाहेरूनच कमी येतं. मीटरजवळचा व्हॉल्व्ह आणि जाळी तेवढी पाहून घ्या. आणि इथंच मोटरचा मोह होतो.

गावाच्या लाइनला थेट मोटर लावू नका. मोटर पाणी ओढते तेव्हा लाइनमध्ये पोकळी होते. एखादा जोड गटारीजवळ फुटका असेल, तर तिथली घाण आत खेचली जाते आणि तेच पाणी लेकरांच्या पोटात जातं. जुलाब, कावीळ अशीच घरात येते. शिवाय एकानं मोटर लावली की शेजारी लावतो, आणि टोकाच्या, उंचावरच्या आळीला नुसती हवा येते.

त्याऐवजी जमिनीलगत, झाकण असलेला छोटा हौद करा. गावचं पाणी त्यात आपोआप पडू द्या, भरल्यावर बंद व्हावं म्हणून फ्लोट व्हॉल्व्ह बसवा. मग आपल्या हौदातलं पाणी आपल्या मोटरनं वरच्या टाकीत चढवा. त्यात कुणाच्या वाट्याचं पाणी ओढलं जात नाही.

उंचावरच्या आळीला पाणी पोहोचतच नसेल, तर चार-पाच घरांचे बादलीचे आकडे लिहून ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीपुढं आणि ग्रामसभेत ठेवा. वरच्या आणि खालच्या भागाला वेगळा व्हॉल्व्ह आणि वेगळी वेळ दिली, तर पुष्कळदा खर्चाशिवाय प्रश्न सुटतो. नुसती तक्रार मागं पडते, पण आकडा दाखवला की उत्तर द्यावं लागतं.

लक्षात ठेवा: आधी बादलीनं मोजा, मग जाळी, व्हॉल्व्ह, हवा, गळती, पाइप आणि उंची या क्रमानं तपासा. मोटर चालेल ती फक्त आपल्या हौदावर.