तिला ‘नाही’ म्हणता यावं

(लासलगाव येथे बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



माझी मुलगी १२ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. समजतं सगळं, बोलता येत नाही. आधी टॅबवर तिला फुगे फोडायचे खेळ आणि गाणी लावून दिली. मी खळ्यावर कांदा निवडायला गेले की ती तासन्‌तास गप्प बसायची. लोक म्हणायचे, सोय झाली. सोय माझी झाली होती, तिची नाही.

मग ‘जेलो’ हे ॲप घेतलं. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं, फुकट, मराठीतही चालणारं. चित्र दाबलं की आवाज येतो. कडेला आवडतं-आवडत नाही, हो-नाही, जास्त-कमी अशी बटणं आहेत. एकदा पाहुण्यांनी तिला उचलून घेतलं. तिनं ‘नाही’ दाबलं. सगळे हसले. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं तिला उचलताना, आंघोळ घालताना आपण कधी विचारलं होतं?

म्हणून ॲप निवडताना रंग बघू नका. आपल्या भाषेत बोलतं का? चित्र तिच्या बोटाला सापडेल एवढं मोठं आहे का? दुखतंय, भीती वाटते, नको, हे सांगता येतं का? अशा संवादाच्या ॲपमुळे बोलणं खुंटतं ही भीती खोटी आहे. टॅब नसेल तर पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवा. घरातल्यांनीही त्यांवर बोट ठेवून बोलावं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अशा साधनांनाही ‘संवाद’ मानलं आहे. शाळेत ते ठणकावून सांगा.

आपण ‘नाही’ म्हणायला उशिरा शिकलो. आपल्या मुलींना तेवढा उशीर नको.