सेलमच्या म्युझियममधली आपली माणसं
(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात केलेलं भाषण)



जेवणाच्या आधी कुणाला बोलायला उभं केलं की श्रोत्यांचं लक्ष कुठे असतं, हे आम्हाला ठाऊक आहे. मसालेभाताचा वास आम्हालाही येतोय. तरी दहा मिनिटं द्या.

यंदाचा निधी गावाकडच्या शाळांमधल्या चित्रकलेसाठी द्यावा, ही सूचना आम्हा चार-पाच कुटुंबांची. त्यावरून समितीत बरीच खडाजंगी झाली. "पाण्याची टाकी बांधा, कॉम्प्युटर द्या. चित्रकलेचं काय घेऊन बसलात?" असं काही काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. त्यात आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले, चित्रकलेशी आमचा संबंध घराच्या भिंतीला कुठला रंग द्यायचा एवढ्यापुरता. मग हे डोक्यात आलं कुठून? तर सेलमहून.

सेलम म्हटलं की आपल्याला १६९२ चे चेटकिणींचे खटले आठवतात. ऑक्टोबरात तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि मुलांना काळ्या टोप्या घेऊन दिल्याशिवाय परत येता येत नाही. पण त्याच गावात, बॉस्टनहून लोकलने अर्ध्या तासावर, पीबडी एसेक्स म्युझियम आहे. आपल्यापैकी किती जण आत गेले आहेत? हात वर करा. (इथे सात हात वर झाले. आम्ही मोजले.)

या म्युझियमचं मूळ १७९९ सालच्या ईस्ट इंडिया मरीन सोसायटीत आहे. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नला वळसा घालून आलेले जहाजांचे कप्तान आणि मालाचा व्यवहार बघणारे अधिकारी, एवढ्यांनाच तिचं सभासद होता येई. सोसायटीची कामं तीन. दिवंगत सभासदांच्या बायकामुलांना मदत करायची, समुद्रमार्गांची माहिती जमवायची, आणि प्रवासातून आणलेल्या चीजवस्तूंचा संग्रह करायचा. वर्गणी, मदतनिधी, वार्षिक जेवण! मंडळी, हे आपल्यासारखं मंडळच झालं की. आणि त्यांची मिरवणूकही असे. १८०४ च्या मिरवणुकीत हिंदुस्थानातून आणलेली पालखी होती, आणि ती वाहायला कृष्णवर्णीय माणसांना हिंदुस्थानी पोशाख चढवले होते. पालखी म्हटल्यावर आपल्याला जे आठवतं त्यापेक्षा हे चित्र फार वेगळं आहे, आणि ते वाचल्यावर आम्ही जरा गप्पच झालो. कौतुक करायचं, पण ज्यांचं कौतुक त्यांना विचारायचं नाही, असा तो प्रकार.

या जहाजांचा मुंबईशीही व्यापार होता. नसरवानजी माणेकजी वाडिया हे मुंबईतले पारशी व्यापारी अमेरिकन कप्तानांचं काम बघत. त्यांचं तैलचित्र या संग्रहात आहे. म्हणजे मुंबईकर माणूस सेलममध्ये आपल्या कितीतरी आधी पोचला, भिंतीवर का होईना. १८२५ साली सोसायटीचा मोठा हॉल उघडला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स हजर होते. पुढची दीडशे वर्षं आम्ही गाळतो. १९९२ मध्ये दोन संस्था एकत्र येऊन आजचं म्युझियम झालं, २००३ मध्ये मोशे साफदी यांनी आखलेली नवी इमारत उभी राहिली.

आता आमच्या मुद्द्याची गोष्ट. इथून जवळच, वूस्टरला, चेस्टर आणि डेव्हिडा हर्विट्झ हे जोडपं राहायचं. धंदा चामड्याच्या पर्सचा. १९६० च्या दशकात ते भारतात जाऊ लागले आणि चित्रं विकत घेऊ लागले. देवादिकांच्या जुन्या मूर्ती नव्हेत, मंडळी. जिवंत चित्रकारांची, रंग नुकते वाळलेली चित्रं. हुसेन, तय्यब मेहता वगैरे आज ज्यांची नावं लिलावाच्या बातम्यांत येतात, त्यांची. तेव्हा या चित्रांना फारसं कुणी विचारत नव्हतं. हे दोघं वर्षानुवर्षं जात राहिले, घेत राहिले. चेस्टर १९९९ मध्ये वारले. नव्या शतकाच्या सुरुवातीला या संग्रहातली हजाराहून अधिक चित्रं सेलमच्या म्युझियमला मिळाली.

त्यानंतरची प्रदर्शनं बघा. २००६ मध्ये हुसेन यांची महाभारतावरची चित्रं लागली. पंढरपुरात जन्मलेल्या या माणसाने ही मालिका १९७१ च्या साओ पाउलो बिएनालेसाठी केली होती, जिथे त्यांच्याबरोबर पिकासोलाही निमंत्रण होतं. आणि ज्या वर्षी ती चित्रं सेलममध्ये लागली, त्याच वर्षी हुसेन यांनी देश सोडला होता. ते परतले नाहीत. २०११ मध्ये लंडनला गेले. ते प्रदर्शन आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा आम्ही शाळा-कॉलेजात होतो. जुन्या सभासदांकडून ऐकलं, की काही घरं मुद्दाम गेली आणि काही घरं मुद्दाम गेली नाहीत. आजही विषय निघाला की चहा गार होईपर्यंत वाद चालतो. आम्ही असतो तर गेलो असतो. बघून मग भांडलो असतो.

२००७ मध्ये 'गेटवे बॉम्बे' नावाचं प्रदर्शन झालं, नुसतं मुंबईवरचं. आणि २०१३ मध्ये स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय चित्रकलेचं मोठं प्रदर्शन झालं, 'मिडनाइट टू द बूम'. सुसान बीन यांनी ते मांडलं. हे मात्र आम्ही पाहिलं. एमएस नुकतं संपलं होतं, खिशात पैसे नव्हते, पण लायब्ररीतून म्युझियमचा स्वस्त पास मिळतो हे कळलं होतं. (हा पास अजूनही बऱ्याच गावांच्या लायब्ररीत मिळतो. कृपया वापरा.)

तिथे गीव्ह पटेल यांचं 'ऑफ लॅमिंग्टन रोड' हे मोठं चित्र होतं. आता लॅमिंग्टन रोड म्हणजे आम्हा इंजिनिअरांचं तीर्थक्षेत्र! प्रोजेक्टसाठी ब्रेडबोर्ड, आयसी, वायरी आणायला कितीदा तरी गेलेलो. पाटी वाचून आम्ही हसलोच. मग चित्राकडे बघितलं आणि हसू थांबलं. त्या गर्दीतून आम्ही शंभरदा गेलो होतो आणि त्यातला एकही चेहरा पाहिला नव्हता. शेजारी म्युझियमच्या गाइडबाई काही शाळकरी मुलांना चित्र समजावून देत होत्या. कोण कुणाकडे बघतोय, कोण कुणाकडे बघायचं टाळतोय. आम्ही मुलांच्या मागे उभं राहून ऐकलं. आमच्याच गल्लीची ओळख आम्हाला एक अमेरिकन बाई करून देत होती, आणि चांगली करून देत होती.

गीव्ह पटेल हे मुंबई सेंट्रलला दवाखाना चालवणारे डॉक्टर. २०२३ मध्ये ते गेले. सुधीर पटवर्धन हे ठाण्याचे रेडिओलॉजिस्ट, २००५ पर्यंत ते काम करून चित्रं काढत होते. हे आम्हाला त्या दिवशी घरी येऊन वाचल्यावर कळलं. नोकरी सांभाळून वीकेंडला काय करता येतं, याबद्दल तेव्हापासून आम्ही फार सबबी सांगत नाही.

पुढे सेलमला जात राहिलो तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. प्रदर्शन संपतं. चित्रं भिंतीवरून उतरतात आणि कोठारात जातात. कुठल्याही म्युझियममध्ये भिंतीवर असतं त्याच्या कितीतरी पट आत असतं. कागदावरची चित्रं आणि कापड तर उजेडाने फिकं पडतं, म्हणून काही महिने दाखवून परत अंधारात ठेवावं लागतं. पुढचं प्रदर्शन कोण मागणार? आत काय आहे हे ज्याला माहीत आहे आणि बघावंसं वाटतं, तो. आमच्या मुलांना ते वाटेल असं आमच्या घरात काय आहे, हे आम्ही एकमेकांना विचारलं. उत्तर फार बरं नव्हतं.

तर, शाळेकडे. आपल्यापैकी बहुतेकांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली असेल. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि ते छळवादी अक्षरलेखन! तांब्या, त्यामागे पाट, शेजारी दोन वांगी. आमच्या चित्रकलेच्या सरांचं एकच वाक्य होतं, "कागदाकडे नंतर बघ, तांब्याकडे आधी बघ." सॉफ्टवेअरमधला बग शोधताना हे वाक्य जितकं कामाला आलं तितकं कॉलेजातलं काही आलं नाही. गेल्या वर्षी सुट्टीत आम्ही आपापल्या जुन्या शाळांत चौकशी केली. तीन शाळांत चित्रकलेचे सर निवृत्त झाल्यावर त्या जागी कुणी आलेलं नाही. मुलं परीक्षेला बसतात, पण शिकवतं कुणी नाही. रंग ज्याला परवडतात तो आणतो.

काकांच्या टाकीचं आम्ही विसरलेलो नाही. पाणी आधी, हे मान्यच. पण टाकीला द्यायला अनेक मंडळं आहेत, चित्रकलेच्या सरांच्या मानधनाला आम्ही शोधलं तरी कुणी सापडलं नाही. म्हणून समितीने असं ठरवलंय: निधीचा अर्धा भाग पाण्याच्या कामाला आणि अर्धा या तीन शाळांना. आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या शिक्षकाचं मानधन, शिवाय कागद, रंग आणि ड्रॉइंग बोर्ड. दोन शाळांची सोय आजवरच्या देणग्यांत झाली आहे. तिसरीची व्हायची आहे.

पावतीपुस्तक दाराजवळच्या टेबलावर आहे. चेकवर मंडळाचं नाव पूर्ण लिहा, मागच्या वेळी आद्याक्षरं लिहिलेले दोन चेक बँकेतून परत आले. आणि सेलमच्या सहलीसाठी तिथेच एक कागद ठेवलाय, नाव आणि किती माणसं एवढंच लिहायचं. ऑक्टोबर सोडून कुठलाही रविवार चालेल.

चला, पानं घ्या.