बाळंतिणीच्या खोलींतील हवा

वडूज हें खटाव तालुक्याचें ठिकाण सातारा जिल्ह्याच्या कमी पावसाच्या पट्ट्यांत, येरळेच्या कांठीं आहे. हवा कोरडी, त्यामुळें पौषांत दुपारीं ऊन चटका देतें आणि पहांटे अंग कांकडतें. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचें धाबें असलेलीं जुनीं घरें दिवसाची ऊब सावकाश घेतात व रात्रीं सावकाश देतात. विटांच्या पातळ भिंतींना तें तितकेंसें साधत नाहीं.

अशा घरांत बाळंतीण आली कीं आजीबाई खिडकी लावून घेतात, फटींत चिंध्या कोंबतात आणि खाटेजवळ शेगडी ठेवून ओंव्याची धुरी देतात. त्यांचा हेतु मुळींच चुकीचा नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि प्रसूतीच्या खोलीचें उष्णमान २५ ते २८ अंश सेल्सिअस असावें असें सांगितलें आहे. परंतु ऊब कातडीला कळते, हवेची शुद्धता कळत नाहीं.

म्युनिकच्या पेटेनकोफर यांनीं १८५८ सालीं खोलींतील कार्बन डाय-ऑक्साइड हजारांत एका भागाहून अधिक नसावा, असें सुचविलें. दहा फूट लांब, रुंद व उंच खोलींत दोन मोठीं माणसें असलीं आणि हवा अजिबात बदलली नाहीं, तर ही मर्यादा सुमारें अर्ध्या तासांत ओलांडली जाते. त्या प्रमाणांत हा वायु विष नव्हे. हवा शिळी झाल्याची ती खूण होय.

खरें भय शेगडीचें. अर्धवट जळणाऱ्या कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं; रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक ओढीनें चिकटतो. बाळंतिणीचें डोकें दुखूं लागलें, तर घरचीं माणसें जागरणाला दोष देतात. ओंव्याच्या सुवासांत तर शंकाहि येत नाहीं!

म्हणून बाळाच्या उंचीवर, शेगडी व खिडकी यांपासून दूर, तापमापक टांगावा. शेजारीं कार्बन डाय-ऑक्साइडचा मापक ठेवून दुपार, मध्यरात्र व पहांट अशा नोंदी चार दिवस लिहाव्या. दुपारीं बाहेरची हवा उबदार असतां खिडकी किती वेळ उघडावी आणि रात्रीं वरचा झरोका किती मोकळा ठेवावा, हें त्यांवरून ठरवितां येतें. मात्र या मापकाला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाहीं. त्यासाठीं निराळें धोकासूचक यंत्र लागतें. तें वाजलें तर आंकडा वाचीत न बसतां मायलेकरांना आधीं बाहेर न्यावें आणि डॉक्टरांना दाखवावें. यंत्र आहे म्हणून शेगडी आंत ठेवूं नये, हें वेगळें सांगावयास नकोच. शेक द्यावयाचाच असेल, तर निखारे अंगणांत फुलवावे आणि तेथें गरम केलेलें फडकें, हाताला सोसतें कीं नाहीं तें पाहून, आंत आणावें.