ड्युटी सांभाळून डिग्री
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत नणंद-भावजय अशा दोघींनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला ‘पावसाळ्यातील आहार’ या विषयावर बोलायला सांगितले होते. विषय चांगला आहे, पण मोदकांचा बेत असलेल्या दिवशी आहारावर कोणी ऐकून घेत नाही. म्हणून परवानगी काढून आम्ही विषय बदलला. आम्ही दोघी नणंद-भावजय, दोघी नर्स. वहिनी निवृत्त झाली, नणंदेची दोन वर्षे उरली आहेत. भाषण दोघींनी वाटून लिहिले आहे, तेव्हा ‘मी’ न म्हणता ‘आम्ही’ म्हणतो.

कारण असे घडले, की गेल्या दोन महिन्यांत आपल्याच कुटुंबांतल्या तीन मुली एकच प्रश्न घेऊन आमच्याकडे आल्या. एक जीएनएम करून खासगी दवाखान्यात नोकरी करते, दुसरी लॅबमध्ये आहे, तिसरी अंगणवाडीत. तिघींना पुढे शिकायचे आहे आणि तिघींचा पगार घरात लागतो. नोकरी सोडून शिकता येत नाही. नोकरी करत शिकले तर लोक त्याला पत्रावळीवरची डिग्री म्हणतात. मग करायचे काय?

उत्तर द्यायला आपण अफझलगंजातच उभे आहोत, ही गंमत आहे. पाचव्या निजामाने, अफझलउद्दौल्याने, धान्याच्या व्यापाऱ्यांना ही जागा दिली म्हणून हे अफझलगंज. इथला जुना दवाखाना १८६६ च्या सुमाराचा. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या पुरात तो गेला. त्या दिवशी ज्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसे वाचली असे सांगतात, ते झाड आजही दवाखान्याच्या आवारात आहे. पुढे सातव्या निजामाच्या काळात व्हिन्सेंट एश यांनी आराखडा केलेला घुमटांचा उस्मानिया दवाखाना उभा राहिला. नांदेड, परभणी, लातूर, बीदरहून रात्रीच्या गाडीने आलेला पेशंट पहाटे गौलीगुड्याला उतरायचा आणि तिथून चालत किंवा रिक्षाने दवाखान्यात यायचा. ओपीडीच्या रांगेत ‘माय, कुठं दुखतंय?’ असे मराठीत विचारणारी सिस्टर भेटली की बाईच्या डोळ्यांत पाणी यायचे. २०२० च्या पावसाळ्यात जुन्या वॉर्डांत पाणी शिरले आणि ती वास्तू रिकामी करावी लागली. अजूनही तिकडून जाताना आमचे पाऊल आपोआप तिसऱ्या दारापाशी अडखळते. असो, हे विषयांतर झाले.

त्या पुराआधीच्या दवाखान्यात रूपाबाई फर्दुनजी नावाच्या पारशी बाई काम करत. हैदराबादच्या मेडिकल स्कूलमध्ये एडवर्ड लॉरी यांनी १८८५ मध्ये ज्या पहिल्या काही मुलींना घेतले, त्यांत त्या होत्या. १८८९ मध्ये त्या ‘हकीम’ झाल्या. त्याच सुमारास, १८८८ आणि १८८९ मध्ये, क्लोरोफॉर्म देणे कितपत सुरक्षित याची तपासणी करणारे दोन आयोग याच हैदराबादेत बसले. लॉरींचे म्हणणे होते, की पेशंटच्या श्वासावर नजर ठेवा, नाडीच्या मागे लागू नका. ते मत पुढे पूर्णपणे टिकले नाही, कारण क्लोरोफॉर्मने हृदयही थांबू शकते हे नंतर स्पष्ट झाले. पण रूपाबाई शिकल्या त्या ऑपरेशनच्या टेबलाशी, रोज पेशंटच्या उशाशी उभ्या राहून. भूल देणाऱ्यांसाठी वेगळा अभ्यासक्रम तेव्हा जगातही फारसा नव्हता. वीस वर्षे भूल देऊन झाल्यावर, १९०९ मध्ये, त्या एडिंबरोला पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकायला गेल्या. हातात कौशल्य होते, नाव होते, तरी आपण जे देतो ते नेमके काय आहे हे समजून घ्यावे असे त्यांना वाटले. तिथून परतून पुन्हा हैदराबादच्या दवाखान्यांतच काम केले. जगातल्या पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांचे नाव घेतात. आमच्या दृष्टीने आधी काम, मग त्या कामाला पुरेल असे शिक्षण, या वाटेने गेलेली ही आपल्या गल्लीतली पहिली बाई.

पुण्यातही त्याच काळात हेच चालले होते. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुणे सेवासदन सुरू केले आणि बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली. त्यांत तरुण विधवा होत्या. परक्या पुरुषाच्या जखमेला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या माणसाचे भांडे उचलायचे, हे ब्राह्मणी घरांना पचणारे नव्हते. त्या बायका वॉर्डात काम करत शिकल्या. आपल्यापैकी कित्येकांच्या आजी-पणजींनी ‘नर्स झाली’ हे वाक्य कुजबुजत ऐकले असेल. आता ते वाक्य कुजबुजत बोलत नाहीत, पण स्थळ बघताना अजून ‘नाइट ड्यूटी असते का?’ हा प्रश्न पहिला येतो. आम्हाला दोघींनाही आला होता.

आता तिसरी गोष्ट, जी हैदराबादकरांनी अभिमानाने सांगायला हवी आणि आपण विसरतो. भारतातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये याच शहरात सुरू झाले. तेव्हा नाव आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ होते, १९९१ पासून डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ. त्याचे पहिले कुलगुरू जी. राम रेड्डी. १९८५ मध्ये दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले, म्हणजे आपले इग्नू, तेव्हा त्याचेही पहिले कुलगुरू तेच झाले. चार वर्षांनी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आले. आणि १९९४ मध्ये इग्नूने नोकरीत असलेल्या नर्सेससाठी पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग सुरू केले.

याचा प्रकार समजून घ्या, कारण घरोघरी गैरसमज आहे. बारावीनंतर थेट चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग वेगळी. ही पदवी जीएनएम डिप्लोमा झालेल्या, नोंदणी असलेल्या आणि नोकरीचा अनुभव असलेल्या नर्ससाठी आहे. कॉलेजात पूर्णवेळ केली तर दोन वर्षे, नोकरी सांभाळून इग्नूतून केली तर किमान तीन आणि जास्तीत जास्त पाच. प्रवेशपरीक्षा असते. पुस्तके हातात येतात, गृहपाठ लिहून द्यायचे असतात आणि ठरलेल्या दिवशी नेमून दिलेल्या केंद्रात जाऊन प्रात्यक्षिके करायची असतात. सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, मानसशास्त्र, मनोरुग्णांची शुश्रूषा, व्यवस्थापन, संशोधन आणि संख्याशास्त्र हे सगळे त्यात येते. ही पदवी झाली की पुढे एमएस्सीचा आणि शिकवण्याच्या नोकरीचा दरवाजा उघडतो. नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याआधी त्या वर्षीचे माहितीपत्रक आणि आपल्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता स्वतः डोळ्यांनी पाहावी. ‘सहा महिन्यांत डिग्री’ अशा जाहिराती बसस्टँडच्या भिंतींवर असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

वहिनीने ही पदवी छत्तिसाव्या वर्षी घेतली. म्हणजे घ्यायला सुरुवात केली, मिळाली चाळिसाव्या वर्षी. तीनाची चार वर्षे झाली, कारण जीवरसायनात दोनदा गाडी अडकली. आठवड्यातून तीन रात्री ड्यूटी, सकाळी आठला घरी, मुलाचा डबा, सासूबाईंचे इन्सुलिन, मग दोन तास झोप आणि नंतर पुस्तक. पुस्तक पाटावर ठेवून भाजी चिरायची. एकदा क्रेब्ज सायकल पाठ करताना दूध उतू गेले. सासूबाई म्हणाल्या, ‘हे सायकल-बिकल आता पुरे कर.’ आणि दुसऱ्या दिवशी त्याच सासूबाईंनी शेजारच्या काकूंना सांगितले, की आमची सून कॉलेजात जाते.

ते साधले ते नणंद होती म्हणून. प्रात्यक्षिकाचे दिवस आले की नणंद आपली ड्यूटी बदलून आमच्याकडे राहायला यायची. तिची बदली नेहमीच मिळायची असे नाही. ती तेव्हा ज्या खासगी नर्सिंग होममध्ये होती, तिथल्या मेट्रनने एकदा स्पष्ट सांगितले, ‘तुझी भावजय शिकते त्याला मी काय करू?’ त्या महिन्यात वहिनीचे चार दिवस बुडाले आणि ते पुढच्या वर्षी भरावे लागले. म्हणजे एका डिग्रीमागे दोन बायकांच्या रजा गेल्या. कागदावर नाव मात्र एकीचेच आले. यावरून आमच्यात भांडण झाले नाही असे समजू नका, झाले. नणंदेला स्वतःलाही शिकायचे होते. तिचा नंबर कधी आलाच नाही, आणि ही गोष्ट आम्ही आज पहिल्यांदा चारचौघांत बोलतो आहोत.

या शिक्षणात दोष नाहीत असे म्हणणे खोटेपणा होईल. गृहपाठ विकत मिळतात. प्रात्यक्षिकाच्या वहीवर वॉर्डात पाय न ठेवता सह्या मिळतात, हे आम्ही पाहिले आहे. अशी मुलगी पदवी घेऊन वॉर्डात आली, की पोटॅशियमची बाटली लावण्याआधी काय तपासायचे हे तिला ठाऊक नसते आणि तिची चूक पेशंट भोगतो. पण ही फसवणूक पूर्णवेळ कॉलेजांतही होते, त्यामुळे दोष एकट्या पोस्टाच्या पुस्तकांना देता येत नाही. उलट जी मुलगी रोज वॉर्डात असते, तिला पुस्तकातला धडा आणि समोरचा पेशंट एकाच आठवड्यात भेटतात. वहिनीला फ्लुइड बॅलन्सचा तक्ता पंधरा वर्षे भरता येत होता. तो कशासाठी भरतो हे त्या पुस्तकाने कळले, आणि त्या आठवड्यात भाजलेल्या एका पेशंटचे लघवीचे प्रमाण घटते आहे हे तिने डॉक्टरांना वेळेत सांगितले.

सरकारलाही हे उशिरा का होईना कळते आहे. आयुष्मान भारतच्या उपकेंद्रांसाठी नर्सेसना सहा महिन्यांचा समुदाय आरोग्याचा अभ्यासक्रम देऊन नेमले जाते. महाराष्ट्रात त्यांना समुदाय आरोग्य अधिकारी म्हणतात. इंग्लंडमध्ये २०१७ पासून वॉर्डातल्या मदतनिसाला पगार चालू ठेवून नर्सिंगची पदवी करता येते. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी विचारून पाहावे. तिथे शिकण्याचे तास कामाच्या तासांतच धरले जातात, आणि आमच्या मते खरी मेख तिथे आहे. आपल्याकडे शिकण्याचे तास झोपेतून काढावे लागतात.

आता एक अवघड गोष्ट. या सभागृहात असे कितीतरी आई-वडील बसले आहेत ज्यांची मुले बंगळूरला, पुण्याला किंवा परदेशात आहेत आणि घरात दिवसभर सांभाळायला एक बाई ठेवलेली आहे. तिला आपण मावशी म्हणतो. ती पाठीला तेल लावते, गोळ्या देते, रात्री बाथरूमला नेते. तिला कोणी काही शिकवलेले नसते. पडलेल्या माणसाला उचलावे कसे, हे तिला माहीत नसते, आणि ती तशीच खेचून उचलते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठात रुग्णसहायकाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, मराठीत आहे. तेलंगणातल्या बाईला तो इथे बसून करता येईल का, याची चौकशी आम्ही लावली आहे. नाही जमला तर त्यातले उचलणे, बेडसोर, नळी, ताप आणि साखर एवढे धडे आम्ही स्वतः शिकवू. तुमच्या मावशीला तेवढे दोन तास पगार न कापता सोडा, एवढेच मागणे.

आणि दुसरे मागणे मंडळाकडे. स्टेट सेंट्रल लायब्ररी आपल्या शेजारी आहे. सकाळपासून तिथे डबा घेऊन मुले स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करतात, जागा मिळत नाही. नाइट ड्यूटी करून आलेल्या मुलीला दुपारी दोनला शांत टेबल लागते आणि तिच्या पोराला सांभाळायला कोणीतरी लागते. हे सभागृह रविवारी दुपारी रिकामे असते. मुंजी-बारशांना भाड्याने जाते तेव्हाची गोष्ट वेगळी, ते उत्पन्न आम्हाला समजते. पण महिन्यातले दोन रविवार, दोन ते सहा, आम्हाला द्यावेत. पंखा आणि दिवे लागतील. सतरंजी आम्ही आणू. जीवरसायन वहिनी शिकवील, दोनदा नापास झालेली असल्याने कुठे अडते ते तिला ठाऊक आहे. पोरांना नणंद सांभाळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण यंदा तिने स्वतः प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरायचे ठरवले आहे. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, नोकरीची दोन वर्षे उरलेली असताना, बढतीचा काही उपयोग नाही हे माहीत असून. तेव्हा पोरांसाठी निवृत्त काका मंडळींपैकी दोघे लागतील.

तिन्ही मुली आज इथे आल्या आहेत, मागच्या रांगेत बसल्या आहेत. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी त्या येतील. किल्ली कोणाकडून घ्यायची, तेवढे सचिवांनी आज आरतीनंतर सांगावे.